दाराखालचा पत्रा

गाडीखालचा जॅक वर चढत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती.

दानिकाने दांडा आणखी एकदा दाबला. दाराखालचा लांब पत्रा करकरला आणि जॅकचं डोकं अख्खं त्याच्यात घुसलं, पापडात बोट जावं तसं. लाल-काळ्या खपल्या सिमेंटवर सांडल्या.

“अगं थांब! फोडलीस ना गाडी!” तोन्ची खुर्चीवरून उठलाच.

“मी कुठे फोडली, बाबा? ती फुटलेलीच होती. आपल्याला नुसता रंग दिसत होता.”

“कालपर्यंत धडधाकट होती. तुझ्या वर्कशॉपात आली आणि लगेच फुटली?”

“तोन्ची, बस खाली,” त्याची बायको कॅरल म्हणाली. ती पानांवर सार्डिन मासे वाढत होती. “तुझ्या ग्लासातली वाइन तुझ्याच शर्टावर चाललीय.”

तो बसला नाही. गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने वाकून पाहू लागला, जणू तिकडून पाहिलं तर भोक दिसणार नव्हतं.

दानिकाच्या वर्कशॉपात रविवारचं जेवण मांडायची कल्पना नोनाची, म्हणजे तिच्या आजीची. नोनाचा नवरा यूरे गेल्यापासून त्याची होल्डन स्टेशन वॅगन घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. शुक्रवारी दानिकाने ती ओढून इथे आणली, तेव्हा नोना म्हणाली, गाडी बाहेर निघालीय तर जेवण तिच्याजवळच करू. म्हणून दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून टेबल केलं होतं, वर नोनाची पांढरी चादर. शटर अर्धं ओढलेलं, तरी जानेवारीचं, इथल्या भर उन्हाळ्यातलं ऊन पायापर्यंत येत होतं, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला माशांचा वास होता. पोर्ट लिंकनमध्ये तो वास कोणाला येत नाही. बाहेरून आलेल्यांनाच येतो.

पुढच्या रविवारी बोटींना आशीर्वाद द्यायचा दिवस. चर्चमधून जेटीपर्यंत मिरवणूक, मग पाद्रीबाबा एकेका बोटीवर पाणी शिंपडणार. यंदा मिरवणुकीच्या पुढे यूरे झित्कोची चौसष्ट सालची होल्डन चालणार, पुढच्या सीटवर त्याची बायको विंका, म्हणजे नोना, बसणार, असं तोन्चीने गावातल्या क्लबात जाहीर करून टाकलं होतं. तो क्लबाचा उपाध्यक्ष होता आणि त्याने एकदा जाहीर केलं की ते झालंच, असं त्याला वाटायचं.

आणि का वाटू नये? ही गोष्ट गावाला पाठ होती. यूरेने समुद्रापलीकडच्या आपल्या कोमिझा गावाहून येऊन दुसऱ्यांच्या बोटींवर टुना मासा ओढला, मग ही गाडी घेतली, मग स्वतःची बोट. गाडीची मागची चाकं समुद्रात घालून तो होडी बाहेर ओढायचा. त्याच्याबरोबरच्या सगळ्यांच्या गाड्या मिठाने खाल्ल्या, कोणाच्या गाडीत कोंबड्या राहायला गेल्या, पण झित्कोंची होल्डन चालत राहिली. “माझी गाडी गंजत नाही,” असं यूरे क्लबाच्या बारवर हात आपटून सांगायचा. वडील समुद्रावरून आले की आधी गाडी गोड्या पाण्याने धुवायचे, मग स्वतः आंघोळ करायचे, हे तोन्चीने त्यात भरलं. आता ते त्यालाही खरंच वाटत होतं.

“काय करता येईल ते सांग,” तो दानिकाला म्हणाला. “आठवडा आहे हातात.”

दानिकाने फ्रिजवर लावायचं एक चुंबक घेतलं. बॉनेटवर ठेवलं, चिकटलं. टपावर ठेवलं, चिकटलं. मग तिने ते दाराच्या खालच्या कडेला लावलं. ते घसरून जमिनीवर पडलं. मागच्या चाकावरच्या कमानीला लावलं, तिथूनही पडलं.

“इथे पत्राच नाही,” ती म्हणाली. “पुट्टी आहे. कुठे शिसं, कुठे डांबर. आणि बाबा, गाडीचा भार या दाराखालच्या पत्र्यावर असतो. तोच गेलाय. दार उघडं ठेवून कोणी आत बसलं तर गाडी मधून वाकेल.”

“मग दार बंद ठेवू.”

“बाबा!”

“अगं, लांब कुठे न्यायचीय? चर्च ते जेटी. तोही उतार. माणूस चालेल त्या वेगाने. भोकं बुजव, रंग मार, एक दिवस निघू दे. मग वर्षभर कर काय करायचंय ते.”

“नेव्हेंका आत्या, तू तरी सांग बाबांना.”

नेव्हेंका ॲडलेडहून खास आठवडाभर आली होती. तिने माशाचा काटा सावकाश काढला, पुतणीकडे पाहिलं नाही. “मला गाड्यांतलं कळत नाही, दानिका. पण आईसाठी मी निळा ड्रेस शिवून आणलाय. लोक तुझ्या आजोबांचं नाव काढतात, बोटींचं काढतात. आई कधी पुढच्या सीटवर बसलीय का? एकदा बसू दे ना तिला सगळ्यांसमोर. एकच दिवस.”

“झालं!” तोन्ची म्हणाला. “दोन विरुद्ध एक.”

“मला धरलं नाहीस,” कॅरल म्हणाली.

“तू कोणाच्या बाजूने?”

“मी बटाट्याच्या भाजीच्या बाजूने. गार होतेय.”

दानिका हसली नाही. भोकं बुजवून रंग मारणं तिला दोन दिवसांचं काम होतं. बुधवारपर्यंत गाडी अशी चमकली असती की वडिलांनी क्लबातल्या प्रत्येकाला हात लावून दाखवली असती. आणि त्या लोकांत पहिल्यांदा म्हणाले असते, माझ्या मुलीने केलं. आतापर्यंत ते “दानिका गाड्यांच्या लायनीत आहे” एवढंच म्हणत. बोटीच्या ऑफिसातली खुर्ची सोडून ती पत्रा ठोकायला शिकली, याला आता आठ वर्षं होत आली होती, आणि तिच्या वर्कशॉपात तोन्ची आज तिसऱ्यांदा आला होता.

“नाही,” ती म्हणाली. “ज्या दाराआड नोना बसणार त्या दाराखाली मी पुट्टी भरणार नाही.”

“म्हणजे मी क्लबात फ्रानेला काय सांगू? मिरवणूक तो बघतोय.”

“खरं सांगा.”

“झित्कोंची गाडी सडली, असं?” तोन्चीचा आवाज चढला. “जन्मभर माझ्या बापाने जी शान राखली ती तू एका जॅकने…”

“जॅकने नाही, मिठाने!”

तिने ग्राइंडर उचलला. वाद घालण्यापेक्षा ते बरं होतं. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि दाराखालच्या रंगावर चकती टेकवली. ठिणग्या उडाल्या, पुट्टीची पांढरी धूळ उडाली, कॅरलने झटकन भाजीवर झाकण ठेवलं. तोन्ची काहीतरी ओरडत होता, ते कोणाला ऐकू आलं नाही.

मग दानिकानेच ग्राइंडर बंद केला. गुडघ्यावर बसली आणि हाताने धूळ पुसली.

रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली डांबर, आणि डांबराखाली डबे होते. टुनाचे डबे, कॅनरीत मासे भरून बंद करतात तसले, कापून सपाट केलेले, एकाच्या काठावर दुसऱ्याचा काठ दुमडून, कडेने कथिलाने झाळून बसवलेले. कोपऱ्यांना रिबिटा. दारापासून मागच्या चाकापर्यंत अशी रांगच होती. बहुतेक ठिकाणी गंजाने मागून पोखरलं होतं, पण झाळ कुठेही सुटली नव्हती.

“हे कोणी केलंय?” ती स्वतःशीच म्हणाली. तिने एका सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही.

तोन्ची शेजारी येऊन बसला. चांगल्या पँटचा विचार न करता थेट जमिनीवर. मग त्याने तळहात त्या डब्यांवर ठेवला.

“वडील,” तो म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले. “आम्ही झोपल्यावर करत असतील. कोणाला कधी बोलले नाहीत. बघ नेव्हेंका, बघ हे. समुद्रावरून यायचं, हाताला दोरांचे वळ असायचे त्यांच्या, आणि त्याच हातांनी हे…”

नेव्हेंका उठून आली. तिचेही डोळे भरले.

“हे काढायचं नाही,” तोन्ची म्हणाला. “ऐकलंस दानिका? एक रिबिटसुद्धा हलवायची नाही. रंगही नको. मिरवणूक गेली खड्ड्यात. ही बाजू अशीच उघडी ठेवायची आणि गाडी क्लबात नेऊन उभी करायची. पोरांना दाखवायची. म्हणायचं, हा बघा यूरे झित्को.”

“आणि चालवायची नाही?” दानिकाने विचारलं.

“नाही.”

“आत्तापर्यंत तर मिरवणुकीत न्यायची होती!”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“बाबा, मला ही गाडी रस्त्यावर आणायचीय. हे सगळं कापून नवीन पत्रा घालावा लागेल. क्लबात उभी केली तर आतून गंज चालूच राहील. पाच वर्षांत तुमच्या हातात लाल भुकटी येईल.”

“माझ्या बापाच्या हातचं काम मी तुला कापू देणार नाही!”

“मला वाटतं दानिका म्हणतेय ते बरोबर आहे,” नेव्हेंका हळूच म्हणाली.

“तू मघाशी माझ्या बाजूने होतीस!”

“मघाशी तू आईला बसवणार होतास. आता तू गाडीला बसवतोयस.”

“ठेवू दे त्याला, नेव्हेंका,” कॅरल मध्ये पडली. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. “वडिलांचं दुसरं काय उरलंय त्याच्याकडे? घड्याळसुद्धा धाकट्या भावाने नेलं.”

“घड्याळाचं आत्ता काढू नकोस.”

“मी काढणारच, कारण…”

“तोन्ची,” नोना म्हणाली.

इतका वेळ ती टेबलाशी बसून हाताने मासे खात होती. काटे पानाच्या कडेला ओळीने लावत होती. आता तिने बोटं पुसली, चादरीला नाही, स्वतःच्या रुमालाला, आणि टेबलाला हात टेकून उठली. दानिका तिला धरायला धावली. नोनाने नको म्हणून मान हलवली. ती गाडीपाशी आली आणि उभ्यानेच खाली पाहिलं.

“ते तुझ्या वडिलांचं नाही.”

“काय नाही?”

“ते काम. माझं आहे.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला.

“आई,” तोन्ची अगदी समजुतीने म्हणाला, “तू त्यांना डबे आणून देत असशील. कामावरून, कॅनरीतून.”

“डबे मीच आणायचे आणि मीच लावायचे. यूरेला झाळकाम येत होतं का? त्याने एकदा किटलीला झाळ दिली, तर तोटीच बंद झाली.” ती दानिकाकडे वळली. “पलीकडच्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे बघ. तिथे एक डबा उलटा लागलाय. छाप बाहेर. पाऊस आला होता, घाईत लावला.”

दानिका ग्राइंडर घेऊन पलीकडे गेली. उभे होते ते सगळे गाडीच्या टपावरून तिच्याकडे पाहत राहिले. पुट्टी निघाली, डांबर निघालं. तिने चिंधीला थिनर लावून घासलं. मग तिने वर पाहिलं.

“मासा आहे,” ती म्हणाली. “निळा मासा. छापलेला.”

तोन्ची जमिनीवर होता तसाच बसून राहिला.

“तू कधी… कुठे शिकलीस तू?”

“कॅनरीत मशीनवरून गळके डबे यायचे. ते हाताने झाळायचं काम आम्हा तिघींकडे होतं. दिवसभर तेच. डबा झाळता आला तर गाडी का येणार नाही? पत्रा तो पत्रा.” नोनाने कोणीतरी पुढे केलेल्या खुर्चीवर अंग टाकलं. “तुझे वडील महिना महिना बाहेर. मला कामावर जायचं, तुम्हाला शाळेत सोडायचं. गाडीच्या तळाला भोक पडलं. या नेव्हेंकाचे मोजे ओले व्हायचे. शाळेत पोहोचेपर्यंत हिचे ओठ निळे. मेकॅनिक म्हणाला, बाई, नवऱ्याला पाठवा, मग बोलू. मग मी कशाला थांबू त्याच्यासाठी?”

नेव्हेंकाला ते मोजे आठवले. राखाडी, लोकरीचे. एका हिवाळ्यात ते रोज ओले असायचे आणि मग नसायचे. का नसायचे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. लहान मुलं कशाला विचारतील, पाय कोरडे का आहेत म्हणून? तिने खाली बसून आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. वयाची साठी ओलांडलेली, शाळेत मुख्याध्यापिका असलेली बाई, वर्कशॉपच्या धुळीत.

“अगं, ऊठ, फ्रॉक खराब होईल,” नोना म्हणाली, पण तिचा हात नेव्हेंकाच्या केसांवर होता.

“आणि वडिलांना?” तोन्चीने विचारलं. “त्यांना माहीत होतं?”

“घरी आला त्या दिवशी त्याने गाडीखाली वाकून पाहिलं. एकेक डाग हात लावून पाहिला. मला काही म्हणाला नाही. संध्याकाळी क्लबात गेला आणि तिथे सांगून आला, माझी गाडी गंजत नाही.”

“आणि तुला राग नाही आला?”

“आला ना. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग तो परत समुद्रावर गेला, तर खिडकीत रिबिटांची पुडी ठेवलेली. बोटयार्डातल्या, तांब्याच्या, चांगल्या. पुढे प्रत्येक वेळी जाताना ठेवून जायचा. तेवढंच त्याला जमायचं.” ती थोडी हसली. “क्लबात बायकोचं काम सांगायची पद्धत नव्हती. आणि मला पुढे कोणी विचारलंच नाही. तुम्हीही नाही विचारलंत.”

तोन्चीने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. धुळीचे पट्टे गालावर उमटले. “मग मी इतकी वर्षं तिथे उभा राहून काय सांगत होतो?”

“गाडी चालत होती असं सांगत होतास. त्यात खोटं काय होतं?”

“गोड्या पाण्याने धुण्याचं तरी खरं का?”

“ते तू कुठून आणलंस मला माहीत नाही,” नोना म्हणाली. “टाकीत पाणी प्यायला पुरत नव्हतं.”

कॅरल मोठ्याने हसली. मग नेव्हेंका हसली, आणि शेवटी तोन्चीलाही राहवलं नाही. तो हसता हसता उठला, आईसमोर आला. त्याचा चेहरा हसरा राहिला नव्हता.

“मग तर हे अजिबात कापायचं नाही. वडिलांचं असतं तर एक वेळ चाललं असतं. तुझं आहे. हे राहणार.”

“तोन्ची, ऐक.” नोनाचा आवाज एकदम कॅनरीतल्या बाईचा झाला. “मी ते हिवाळा निघावा म्हणून लावलं. हिवाळा निघाला. पुढचेही निघाले. झालं त्याचं काम. आता या पोरीकडे जाड पत्रा आहे, मशीन आहे, तिला येतं. तरी माझ्या डब्यांकडे बघून तुम्ही रडत बसणार आणि गाडी क्लबात धूळ खात उभी राहणार? माझ्या कामावर दया दाखवू नका. मला ते आवडत नाही.” ती दानिकाकडे वळली. “काप.”

“सगळं?”

“सडलंय ते सगळं. अर्धवट काढू नकोस, नाहीतर गंज परत तिथूनच चालायला लागतो. आणि नवीन बसवशील त्याला खालून भोकं ठेवणार ना? पाणी जायला?”

“ठेवणार.”

“मी ठेवली नव्हती. तिथेच चुकले. वरून घट्ट बंद केलं, पाणी आत साठलं, आतून कुजलं. त्या वेळी कळलं नाही.” तिने खुर्ची गाडीजवळ ओढली. “किती दिवस लागतील?”

“नोना, हे एक टोक आहे फक्त. चाकांच्या वर बघायचंय, तळ बघायचाय. पुढचा हिवाळा उजाडेल.”

“मग बोलत काय बसलीस?”

दानिका दाराशी वाकली. आपण या कामात पहिल्याच, घरात असं कोणी केलं नाही, म्हणून ती आठ वर्षं एकटीच भांडत आली होती, कधी वडिलांशी, कधी स्वतःशी. त्या झाळलेल्या सांध्यांवर तिने पुन्हा एकदा नख फिरवलं. एवढी सफाई तिला शिकायला चार वर्षं लागली होती, आणि तिच्याकडे तरी शिकवायला मास्तर होता. नोनाने ते सगळं कॅनरीचं काम आणि पोरं सांभाळून, जमिनीवर पाठ टेकून केलं होतं.

तेवढ्यात टेबलावर तोन्चीचा फोन वाजला. कॅरलने नाव वाचलं. “फ्राने. गाडीला माळा किती लांबीच्या लागतील ते विचारत असेल.” तिने फोन नवऱ्याच्या हातात देताना आवाज खाली आणला. “इंजिन बसलं म्हणून सांग. इंजिन कोणाचंही बसतं.”

तोन्चीने फोन घेतला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. दानिकाने मुद्दाम पाठ फिरवली आणि चकती बदलायला लागली.

“बोल फ्राने… नाही, माळा नकोत. गाडी येणार नाही… इंजिन? इंजिन ठणठणीत आहे.” त्याने एकदा घसा खाकरला, आणि पुढचं बोलला ते बार गच्च भरलेला असताना बोलतात तसं, शेवटच्या टेबलाला ऐकू जाईल असं. “गंजलीय. हो, गंजलीय, पुरती सडलीय खालून. आणि तुला सांगतो, आजची नाही, पन्नास वर्षांपासून गंजत होती. माझ्या आईने ती झाळून झाळून चालू ठेवली. टुनाच्या डब्यांनी… आईने, आईने! वडील समुद्रावर असताना. ये आणि स्वतः बघ, हात लावून बघ, असं काम तुझ्या बोटीवर एक माणूस करून दाखवेल का सांग मला… काय?… आता कोण दुरुस्त करणार म्हणजे? दानिका. माझी मुलगी… नाही रे, लायनीत नाही. पत्रा ठोकते. स्वतःच्या हाताने. आजीवर गेलीय.”

दानिकाच्या हातातली चकती काही केल्या जागेवर बसेना.

“मिरवणुकीचं विचारतोय,” तोन्चीने फोनवर हात ठेवला. “पुढे काय ठेवायचं म्हणतोय. दुसऱ्या कोणाची गाडी आणू का म्हणतो.”

“दुसऱ्याची कशाला?” नोना म्हणाली. “मी येते चालत. उतारच तर आहे.”

“आई, एवढं अंतर? सगळ्यांच्या पुढे?”

“निळा ड्रेस शिवलाय ना हिने? तो गाडीत बसून दिसणार होता का कोणाला?”

तोन्चीने फोन पुन्हा कानाला लावला. “फ्राने, आई चालत येतेय. पुढे… मागे नाही, पुढे. पाद्रीबाबांच्याही पुढे. बँडवाल्यांना सांगून ठेव, तिच्या पावलांच्या ठेक्यावर वाजवा म्हणावं.”